अपूर्वची झोपेची गोळी

त्या दुपारी मी खाणीत उतरले ती औषधांची पाहणी करायला. भुताखेतांना भेटायला माझ्याकडे वेळ नव्हता.

तिरोडीजवळच्या एका बंद मँगनीज खाणीत आम्ही अवकाशप्रवासाची तालीम चालवली होती. अपूर्व नावाचा तरुण तिथल्या पोलादी खोलीत कित्येक आठवडे एकटा राहत होता. अवकाशात ना डॉक्टर, ना दुकान. म्हणून औषधांची पेटी त्याच्याजवळ, पण मी फोनवर ‘हौ’ म्हटल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही, असा नेम. मी वल्लरी, बालाघाटची फार्मासिस्ट, नेमाला पक्की. सकाळीच त्याच्या पाठीत कळ आली म्हणून मी त्याला जबर वेदनाशामक घ्यायला लावलं होतं. त्यावर झोपेची गोळी पडली, तर पोराचा श्वासच थांबला असता.

खाली ओल्या दगडाचा वास होता. म्हातारा चौकीदार महागू कंदील टेकवत म्हणाला, “बाई, इथं पहिल्या हाकेले ओ देऊ नका. माणूस दुसऱ्यांदा हाक मारते. इथलं ते मारत नाही, अन् ओ देणाऱ्याचं रूप घेते.”

काउंटरवर गिऱ्हाइकांच्या हाकेला ओ देण्यात आयुष्य गेलेली मी. फोनमधून “वल्लरी…” आलं आणि तोंडातून ‘ओ’ निघूनही गेली. महागूनं कपाळाला हात लावला.

“झोपेची गोळी घेऊ?”

आवाज अपूर्वचाच. पण त्याची खोली दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो भिंतीला टेकून बसला होता, ओठ मिटून. शिवाय तो मला ताई म्हणतो. मला राग आला. माझा राग भीतीच्या पुढे धावतो.

“नाही!”

“एकदा हौ म्हण…”

“म्हणत नाही, जा! माझ्या पेशंटले हात लावून तर पाहा!”

कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग पडद्यावर अपूर्वचे ओठ हलले.

“ताई… तुम्ही आत कशा आल्या?”

“मी बाहेर आहो, अपूर्व.”

“काहून मजाक करता? समोर तर उभ्या आहा… गोळी हातावर घेऊन. हौ, घे, म्हणून राह्यल्या…”

खोलीत दुसरं कुणी दिसत नव्हतं. तो मात्र वर बघत हात पुढे करत होता.

“ती मी नाही! थुंक तिच्या हातावर!”

“ताई, तुमच्या हातावर कसा…”

“थुंक म्हणते ना!”

तो थुंकला आणि धडपडत मागे सरला. “गेली… ताई, गेली,” म्हणत लहान पोरासारखा रडू लागला. माझा पेशंट जिवंत होता.

माझी उजवी मूठ घट्ट आवळलेली होती. ती उघडली. तळहात थुंकीनं ओला होता आणि त्यावर एक पांढरी गोळी विरघळत होती.

ती मी चपलेखाली रगडली. हात पदराला पुसला. तो पुन्हा ओला झाला.