कडक भाकरीचा मजकूर

कुरिअरच्या काउंटरवर पंचशीलाच्या पुढे उभ्या असलेल्या चष्मेवाल्यानं तिचंच खोकं उचललं आणि वर चिकटवलेली चिठ्ठी मोठ्यांदा वाचली.

“‘भाकऱ्या वाळून खडखडीत झालेल्या आल्या. शिळा माल परत पाठवत आहे.’” आणि तो हसला. अगदी पोट धरून हसला!

“दात दाखवून झालं असंल तर द्या इकडं,” ती म्हणाली. “माझं हाय ते.”

त्याचं हसू जागच्या जागी जिरलं. “आवो, पर कडक भाकरी कडक न्हाई तर काय मऊ असंल व्हय?”

“ते पुण्याच्या बाईला सांगा!”

परत आलेलं हे तिसरं खोकं होतं. आई पार्वतीबाई आणि गल्लीतल्या चार बायका पहाटेपासून चुलीपुढे बसायच्या, कागदासारख्या पातळ भाकऱ्या थापायच्या. पंचशीलानं मोठ्या हौसेनं ऑनलाइन दुकान काढलं होतं. आता साइटवाल्यांचा निरोप आला होता – या महिन्यात आणखी एक जरी तक्रार आली, तर दुकान बंद. पाच बायकांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं, या विचारानं तिला रडू येत होतं, आणि हा बाबा हसत होता.

“दुकानात लिवलंय काय तुमी?”

तिनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. ज्वारीची कडक भाकरी. नग दहा.

“बस्स? एवढंच?”

“मग काय तिची जन्मकहाणी लिवू?”

“मी बुद्धरत्न. स्टँडमागं छापखाना हाय माझा. सगळ्या भालकीच्या लग्नपत्रिकांचा मजकूर मीच लिवतो. लिवून देऊ का?”

त्याच्या बोटांना निळी शाई लागलेली होती आणि चष्म्याआडचे डोळे… जाऊ द्या. पंचशीलाला त्या वेळी डोळे बघायला सवड नव्हती. ती हो म्हणाली आणि फसली.

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन तिच्या दारात हजर. ‘आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, आमची ज्येष्ठ कन्या कडक भाकरी…’

पंचशीलानं कपाळावर हात मारून घेतला. “भाकरीचं लगीन लावायलाव का तुमी?”

“सवय हो…” तो मान खाली घालून पुटपुटला.

तिसऱ्या दिवशीचा कागद त्याहून वरचढ. ‘चंद्रासारखी गोल, नववधूसारखी लाजरी –’

“लाजरी?” तिनं डब्यातली भाकरी उचलून त्याच्यासमोर धरली. “ही? हातात घेतली की कडकन मोडती ही!” आणि चिडून मोडलीही.

तो डोळे विस्फारून बघत राहिला. मग खिशातलं पेन काढून घाईघाईनं लिहू लागला.

“आता काय लिवायलाव?”

“तुमी जे बोलायलाव तेच. बोला, बोला… कडक कामून करतेत?”

“हे काय इचारणं झालं? सगळ्यांस्नी ठाऊक हाय!”

“पुण्याच्या बाईला न्हाई,” तो हळूच म्हणाला.

पंचशीलानं हातातले तुकडे डब्यात ठेवले. खरंच की. जन्मापासून जे ताटात बघितलं, ते लिहायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. चूक त्या बाईची नव्हती, आपली होती – आणि ती या दिवट्यानं दाखवून द्यावी, याचा तिला फार राग आला.

ती तणतणत सांगत गेली, तो लिहीत गेला. शेवटी साइटवर चढलं ते असं –

‘ही भाकरी शिळी नाही, ती कडकच असते. हातात घेतली की कडकन मोडते. थापून, भाजून मंद आचेवर कडक केलेली, म्हणून महिनाभर टिकते. दह्याशी किंवा शेंगांच्या चटणीशी खा, नाहीतर गरम आमटीत कुस्करा. मऊ भाकरी हवी असेल तर ही घेऊ नका.’

शेवटच्या वाक्यावरून दोघं अर्धा तास भांडले. “घेऊ नका? गिऱ्हाइकं पळवायलाव व्हय?”

“ज्याला मऊ पायजे त्याला जाऊ द्या की. माल परत तरी येणार न्हाई.”

महिना सरला. एकही खोकं परत आलं नाही. उलट त्याच पुण्याच्या बाईनं चार पाकिटं मागवली आणि खाली लिहिलं – ‘खाताना इतका आवाज झाला की शेजारीण विचारायला आली. तिच्यासाठीही दोन पाठवा.’ पार्वतीबाईंनी ते पाच वेळा वाचून घेतलं. दुकान वाचलं होतं.

काम संपलं. बुद्धरत्नाचं येणं मात्र संपेना. कधी त्यानं छापलेल्या पाकिटावरच्या लेबलातला स्वल्पविराम चुकलेला असायचा, कधी ‘ज्वारी’ची वेलांटी. आज तो तेच लेबल चौथ्यांदा घेऊन आला, तेव्हा पंचशीलाचा पारा चढला.

“काय चुकलंय आता?”

“हे टिंब… जरा बारीक वाटायलंय.”

“टिंब! बुद्धरत्न, खरं काम काय हाय तुझं?”

तुमीचं तू कधी झालं, तिचं तिलाच कळलं नाही. त्याला बरोबर कळलं. त्याचे कान लाल झाले.

“तुला ठाऊक हाय की…”

“काय ठाऊक हाय?”

“सगळ्यांस्नी ठाऊक हाय. सगळ्या भालकीला…”

“मी पुण्याची बाई हाय असं समज,” ती कडाडली, “अन् लिव!”

दुसऱ्यांच्या लग्नाचा मजकूर चुटकीसरशी लिहिणारा तो माणूस, पेन हातात घेऊन घामाघूम झाला. कितीतरी वेळानं त्यानं लेबलाचा कागद उलटा करून पुढे सरकवला.

‘बुद्धरत्न. वय अठ्ठावीस. चष्मा हाय. भाकरी थापता येत न्हाई, शिकंल. लई बोलतो, पर कामाचं बोलायला वेळ लावतो. पंचशीलावर जीव हाय. तिनं भाकरी मोडली त्या दिवसापासून.’

चंद्र नव्हता, नववधू नव्हती. पंचशीलाला पुढचं दिसेना, डोळे भरून आले. एवढंच लिहायला या माणसानं महिना घालवला! तिनं त्याच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि खाली लिहिलं – ‘पंचशीलाचाबी हाय.’

तेवढ्यात पार्वतीबाई टोपलं घेऊन आल्या. दोघांची तोंडं बघितली, कागद बघितला, अक्षर लावत लावत वाचला.

“हे लिवायला कामून बसलाव?” त्या म्हणाल्या. “सगळ्यांस्नी ठाऊक हाय की.”

“असू दे गं आई,” पंचशीला म्हणाली, आणि कागदाची घडी घालून मुठीत घट्ट धरली. “लिवलेलं बरं असतंय.”