वाचा, पंत

जावईबापू, तट्टावर खोगीर चढवलंत ते मी पाहिलं. हडपसर काही पळून जात नाही. आत्ताच दिवा लागलाय, हिने थालीपीठ थापायला घेतलंय. ते होईपर्यंत माझ्या नोकरीतलं एक जुनं प्रकरण ऐका. ऐकून झाल्यावर जायचं तर खुशाल जा, मी अडवणार नाही.

थोरल्या माधवरावसाहेबांच्या कारकीर्दीतली गोष्ट. बुधवार पेठेत एका सरदारांच्या दफ्तरात मी उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काम कारकुनाचं आणि हाती काही नाही. तीन वर्षं झाली तरी नेमणूक होईना. आणि वाघोलीला माझ्या सासऱ्यांचं एकच पालुपद, आधी नेमणूक, मग मुलगी पाठवतो. म्हणजे लग्न झालेलं, बायको वाघोलीला, आणि मी पुण्यात एकटा पिठलं ढवळतोय. तेही रोज करपायचं. श्यामलेची तेव्हा इतकी आठवण यायची की... घ्या, नाव घेतलं. आता आतून भांडं आपटेल.

ऐकलंत? आपटलं.

तर दफ्तरात माझी जागा दाराशी, माठाजवळ. येणाराजाणारा पाणी प्यायचा आणि उरलेलं माझ्या कागदांवर सांडायचा. एकदा एका वडीलधाऱ्यांनी माझ्या दौतीत पाय घातला आणि वर मलाच विचारलं, "ही काय दौत ठेवायची जागा आहे?" मी म्हटलं, "नाही, पाय ठेवायची आहे." त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, ही मोठीच सोय झाली. पण खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. सकाळी बोरू तासून पहिली ओळ ओढली, अक्षर मनासारखं उतरलं, वर वाळू टाकून झटकली, की पोटात अन्न नसलं तरी बरं वाटायचं.

आता आमची एक रीत सांगतो, सगळं तिच्यावर आहे. पत्राची नक्कल झाली की ती ताडून पाहायची. लिहिणारा अलीकडे बसायचा, वाचणारा पलीकडे, आणि मध्ये रुमालांची उंच मांडणी. रुमाल म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी. मूळ मसुदा लिहिणाऱ्याने मांडणीखालून पलीकडे सरकवायचा आणि म्हणायचं, "वाचा, पंत." वाचणारा मोठ्याने वाचणार, लिहिणारा नकलेवर बोट फिरवणार. लिहिणाऱ्याला मसुदा दिसता कामा नये, नाहीतर डोळा स्वतःचीच चूक पांघरतो. वाचणारा म्हणेल ते बरोबर. फरक निघाला तर लिहिणाऱ्याने हुज्जत न घालता बोटाने हरताळाचा पिवळा लेप लावून चूक झाकायची आणि वर नवी अक्षरं काढायची. शेवटी वाचणाऱ्याने नकलेच्या पाठीवर आपली खूण करायची. ती असल्याशिवाय पत्रावर शिक्का नाही.

आमच्याकडे चाळीस वर्षं ताडून पाहायला बसले ते दीनानाथपंत. दर ओळ संपली की बारीक खोकायचे आणि तपकीर ओढायचे. एवढा किटकिट्या माणूस मी पाहिला नाही. उन्हाळ्यात ते गेले. त्यांची पलीकडची बैठक तशीच पडून राहिली. बसायला कोणी तयार होईना.

त्या दिवशी, श्रावण सरत आला होता, सरदारांच्या नातवाचं बारसं होतं. सगळं दफ्तर जेवायला निघालं. मीही धोतर सारखं करून उठलो, तर दफ्तरदार म्हणाले, "आपण कुठे निघालात, श्रीधरपंत? जिलबी काय कुठे जात नाही. या पत्राच्या बारा नकला करा. घाटाखालच्या बारा ठाण्यांना आज सूर्यास्ताच्या आत पत्रं घेऊन जासूद निघायला हवेत. बारा जागी एकही चूक नसली, तर उद्या नेमणुकीचं बघू."

"आणि चूक निघाली तर?"

"तर वाघोलीची हवा चांगली आहे म्हणतात."

बसलो. पत्र चार ओळींचं. दसऱ्याच्या मोहिमेसाठी माणसं आणि बैल घेऊन ताबडतोब पुण्यास यावे, एवढंच. वाड्यातून जिलबीचा वास येत होता, पंगतीत श्लोक चालले होते, आणि मी लिहीत होतो. बाराव्या नकलेवर वाळू टाकली तेव्हा भर दुपार होती. अक्षर असं उतरलं होतं की श्यामलेला दाखवावं. मग लक्षात आलं, ताडून पाहायला माणूसच नाही. सगळे पंगतीत. खुणेशिवाय शिक्का नाही, शिक्क्याशिवाय जासूद नाही, आणि जासूद गेले नाहीत तर बायको नाही. वैताग आला. हात मात्र सवयीने चालला. मसुदा मांडणीखालून सरकवला आणि कोणाला म्हणतोय याचा विचार न करता मी म्हणालो, "वाचा, पंत."

पलीकडे कोणीतरी खोकलं.

मग वाचायला सुरुवात झाली. आवाज हळू, पण शब्द स्वच्छ. मला वाटलं, कोणाचं तरी पोट बिघडलं असेल, जेवायला गेले नसतील. देवासारखे धावून आले म्हणून मी बोट फिरवू लागलो. पहिली ओळ बरोबर. खोकला. दुसरी बरोबर. खोकला. तिसरीला आवाज म्हणाला, "घाटाने येऊ नये. फेर पडला तरी दुसऱ्या वाटेने यावे."

माझ्या कागदावर होतं, घाटाने सत्वर यावे.

"पंत... पुन्हा वाचता का?"

"घाटाने येऊ नये," आवाज म्हणाला. आणि खोकून, "हरताळ लावा."

 एकदा चुकलो आणि तीच चूक बारा वेळा उतरवली, असं मी समजलो. वाचणाऱ्याशी हुज्जत नाही. बाराही कागदांवर हरताळ लावला आणि वर नवी ओळ काढली. आवाज बारा वेळा वाचत राहिला. वाड्यातला गलबला केव्हा थांबला कोण जाणे. जिलबीचा वास गेला होता आणि दफ्तरात तपकिरीचा वास येत होता.

शेवटची नक्कल झाली. "झालं, पंत. उपकार झाले," असं म्हणत मी मांडणीला वळसा घालून पलीकडे गेलो.

बैठकीवर तीन महिन्यांची धूळ होती. कोणी बसल्याचा डाग नाही, सुरकुती नाही. मसुदा मी सरकवला तिथेच, उपडा पडलेला. उलटून पाहिला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, घाटाने सत्वर यावे.

म्हणजे मी पहिल्यांदा लिहिलं तेच बरोबर होतं. आणि ते बारा जागी मी स्वतःच्या हाताने खोडलं होतं. जावईबापू, भुताची भीती मला नंतर वाटली. आधी सासरे दिसले.

एवढ्यात मंडळी विडे चघळत परत आली. दफ्तरदारांनी कागद हातात घेतले. "वा. हळदीकुंकू मांडलंय का?" मग तिसरी ओळ वाचली. "ही ओळ कोणी सांगितली?"

"ज्यांनी ताडून पाहिलं, त्यांनी..."

"कोणी? सगळे माझ्या पंगतीत होते. श्रीधरपंत, सरकारचा हुकूम फिरवलात आपण. उद्यापासून यायचे श्रम घेऊ नका." असं म्हणून त्यांनी कागद उलटा टाकला आणि तिथेच थबकले. दुसरा उलटला. तिसरा. बाराही कागदांच्या पाठीवर दोन तिरप्या रेघा आणि खाली टिंब होतं. शाई ओली होती. चाळीस वर्षं ती खूण एकट्या दीनानाथपंतांची, आणि कागद तर माझ्या हातून एकदाही पलीकडे गेले नव्हते.

 एकाने चघळता विडा तोंडातच धरला होता. दफ्तरदारांनी ना शिक्का मारला, ना कागद फाडले. नुसते घेऊन बसले. मी माठाशी जाऊन बसलो. वाघोलीला काय तोंड दाखवू, याचाच विचार करत होतो.

ऊन उतरता उतरता अंगणात गेनबा जासूद घोडं दामटत आला, गुडघ्यापर्यंत चिखल. "सरकार, घाट गेला. आख्खा कडा वाटंवर बसलाय. माणूस वाचायचं न्हाई त्यातनं."

"केव्हा?" दफ्तरदारांनी विचारलं.

"दोपारी. जेवणयेळंला."

दफ्तरदारांनी शिक्का मागवला आणि बाराही पत्रांवर स्वतः मोर्तब केलं. दुसऱ्या दिवशी माझी नेमणूक झाली. जागा मिळाली मांडणीपलीकडची, दीनानाथपंतांची. मी विचारलं, "मीच का?" ते म्हणाले, "आपली ओळख आहे ना त्यांच्याशी." आठवड्याने ही वाघोलीहून आली. आल्या दिवशी तिने पिठलं केलं, ते करपलं नव्हतं. त्या बैठकीवर मी तीस वर्षं वाचायला बसलो, खुशीत बसलो. पुन्हा कधी काही झालं नाही.

नोकरी सोडून मला सहा वर्षं झाली. घरात ना बोरू, ना हरताळ. दुपारी जेवून पडतो, एवढाच उद्योग. आज पडलो होतो, तर झोपेत एक कोवळा, अनोळखी आवाज आला. "वाचा, पंत." पुढचं मला आठवत नाही. हिने हलवून उठवलं. म्हणाली, "अहो, मोठमोठ्याने काय वाचताय? आणि ओळ संपली की खोकताय कशाला?"

काय वाचत होतो, ते तिच्याच तोंडून ऐका. अगं, सांग यांना.

"सांगते की. म्हणत होते, आज जावयास हडपसरच्या वाटेने पाठवू नये. बारा वेळा म्हणाले. मी मोजलं."

ऐकलंत? आता खोगीर उतरवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी अडवणार नाही म्हटलंय. फक्त एकदा दिवा इकडे करा आणि माझं हे बोट बघा. दुपारपासून तीनदा धुतलं. पिवळं जात नाही. आणि मी तर, जावईबापू, अजून जिवंत आहे ना?