नानांच्या ‘घूं’चा अर्थ

नाना ‘घूं’ म्हणाले, की घरात पळापळ सुरू व्हायची. ऋजुला पाण्याचा पेला आणायला धावायची, आई दुसरी उशी आणायला, आणि दगडू तर चष्मा, शाल, पुस्तक असे हाताला लागेल ते घेऊन हजर. नाना मान हलवत, म्हणजे हे नको. मग पुन्हा ‘घूं’ आणि पुन्हा पळापळ. ‘घूं’ म्हणजे नेमके काय, हे कोडे मात्र सुटत नव्हते.

नाना म्हणजे ऋजुलाचे आजोबा. यंत्रांना माणसांची बोली शिकवण्यात त्यांची सारी उमर गेली, आणि आता एका दुखण्याने त्यांचीच वाचा नेली होती. (मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, की बोलणे सांभाळणारा भाग दुखावतो. विचार शाबूत राहतात, शब्द तेवढे अडतात.) डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, “प्रयत्न चालू ठेवला तर बोलणं हळूहळू परत येईल. त्यांनी नाद सोडला, तर मग कठीण आहे.”

आणि आज सकाळी नानांनी भिंतीकडे तोंड केले. ‘घूं’सुद्धा बंद.

ऋजुला स्वयंपाकघरात गेली. तिथे घरचा यंत्रमानव, दगडू, मटार सोलत बसला होता. नाव नानांनीच ठेवलेले. ‘डोक्यात काही भरलं नाही, तर नुसता दगड,’ असे म्हणून ते त्याला चिडवत. चिडणे काही दगडूला येत नव्हते, ही गोष्ट वेगळी.

“दगडू, नानांचं बोलणं तुला का कळत नाही? तुला तर सगळं येतं.”

“मला फार थोडं येतं,” दगडू म्हणाला. “मामाच्या लग्नाचा स्वयंपाक आईने केला होता का?”

“छे. आचारी बोलावले होते.”

“मीही तसंच करतो. काम अडलं, की त्या कामातली जोडणी बोलावतो.” (जोडणी म्हणजे यंत्राला एखादे नवे कौशल्य देणारा छोटासा आज्ञासंच.) “अशा लाखो जोडण्यांचं एक कोठार आहे. जो जोडणी बनवतो, तोच ती काय करते हे तिच्यावर लिहून ठेवतो. इतकं सगळं कोण चाळत बसणार? म्हणून आम्हा यंत्रांसाठी तिथे एक शोधक ठेवलाय. मी गरज सांगतो, तो जुळणाऱ्या जोडण्या पुढे करतो.”

“मग विचार ना त्याला.”

“विचारलं होतं. ‘दुखण्यामुळे वाचा गेलेले आजोबा’ असं सांगितलं. एक जोडणी मिळाली, पण तिला घरातलं सगळं बोलणं बाहेर कुणाकडे तरी पाठवायची परवानगी हवी होती. तिला मी दारातूनच परत पाठवलं. दुसरीला लिहू शकणारा माणूस हवा होता. नानांचा हात तर अजून उठत नाही.”

ऋजुलाने एक शेंग सोलली आणि दाणे स्वतःच्या तोंडात टाकले. विचार करताना तिला असे काहीतरी लागायचे.

“आचाऱ्याला आपण ‘मामाचं लग्न आहे’ एवढंच नाही सांगत,” ती म्हणाली. “पुरणपोळ्या जमतात का, ते विचारतो. तू आजार सांगितलास. काम सांग.”

“काय काम?”

“शब्द नाहीत, नुसता आवाज आहे. तो कधी निघतो, ते बघायचं आणि त्यावरून अर्थ लावायचा.”

दगडूच्या डोळ्यांतले दिवे मंदावले. तो कोठारात शोधत होता. जरा वेळाने दिवे पुन्हा उजळले. “एक आहे. जुनी आहे. वाचतो. ‘शब्द नसलेला आवाज ऐकते. आधी काय घडलं, आणि काय केल्यावर आवाज थांबला, हे पाहून अर्थ शिकते. घराबाहेर काहीही पाठवत नाही. तान्ह्या बाळासाठी.’” मग त्याने आपल्या रीतीप्रमाणे बनवणाऱ्याचे नाव पाहिले. “बनवणारे, मंदार धानोरकर, अंबाजोगाई. पहिली चाचणी, नात.”

मंदार धानोरकर म्हणजे नानाच. “नात म्हणजे मी?” ऋजुलाने विचारले.

“तू फार रडायचीस,” दारातून आई म्हणाली. “मी अगदी रडकुंडीला यायचे. नाना म्हणायचे, अगं, रडत नाहीये ती. बोलतेय.”

दगडूने जोडणी बसवून घेतली आणि गेल्या काही दिवसांत पाहिलेले सारे तिच्यापुढे ठेवले. “अंदाज आहे हं, चुकूही शकतो,” तो म्हणाला. “प्रत्येक ‘घूं’च्या आधी कुणीतरी नानांजवळून उठलं आहे. आपण काही आणायला धावलो, की पुढचं ‘घूं’ आणखी मोठं निघालं. मला वाटतं, ते म्हणतायत, जाऊ नका.”

इतके दिवस सारे घर मायेपोटी नेमके उठून जात होते.

ऋजुला रिकाम्या हातांनी नानांच्या पलंगावर जाऊन बसली. “नाना, मी काही आणणार नाहीये. बसलेय नुसती.” बराच वेळ ती तशीच बसून राहिली. मग नानांनी हळूच तोंड इकडे वळवले. त्यांचे डोळे ओले होते, आणि ऋजुलाचेही.

“दगडू,” ती म्हणाली, “दुसऱ्या कुणाचे आजोबा असे आजारी पडले, तर त्यांच्या यंत्रालाही ही जोडणी सापडणार नाही. ‘मोठ्या माणसांसाठीही’ असं तिच्यावर लिहू या?”

“लिहिता येईल. पण बनवणाऱ्याचा होकार लागतो, त्याच्याच आवाजात.”

दोघांनीही नानांकडे पाहिले. नानांचे ओठ हलले, थांबले. कपाळावर घाम आला. ऋजुलाला वाटले, टॉवेल आणावा. पण ती उठली नाही.

“ह्... हो,” नाना म्हणाले.

“कोठाराने आवाज ओळखला,” दगडूने सांगितले. “हे तेच मंदार धानोरकर आहेत.”

संध्याकाळी खबर आली, की दूर कुठल्याशा घरातल्या यंत्राने ती जोडणी बोलावून घेतली आहे. ऋजुला आईला सांगायला टुणकन उठली, आणि मागून आवाज आला, “घूं.”

ती पुन्हा नानांना खेटून बसली आणि तिथूनच तिने हाक मारली, “आई, तूच इकडे ये.”