आग्रहाची जिलेबी

मिरजेच्या एका मंगल कार्यालयात पहिली पंगत बसली आणि वाढप्या ताटांमधून फिरायला लागला. वाढप्या म्हणजे चाकांवरचं, कमरेएवढ्या उंचीचं यंत्र. समोरच्याचा श्वास हुंगून त्याच्या पोटात किती भूक उरली आहे ते ओळखायचं आणि नेमकं तेवढंच वाढायचं. ताटात शीत उरत नाही. "सावकाश होऊ द्या," असं गोड आवाजात म्हणतो आणि बघता बघता पंगत उठवतो.

हे यंत्र ऋजुताने बनवलं होतं, तेही बापासाठी. नरहरअण्णांनी उभी हयात लग्नाच्या पंगती रांधल्या आणि वाढल्या. वाकून वाकून पाठ गेली, गुडघे गेले, पण ऐकतील तर शपथ. शेवटी वाढप्या तयार झाला आणि लेक म्हणाली, "अण्णा, आता बसा. जरा स्वतःसाठी जगा."

अण्णा बिचारे जगायला लागले. बासरीच्या वर्गाला गेले, हंपी पाहून आले, गच्चीत टोमॅटो लावले. लेकीने एवढ्या मायेने दिलेली सुट्टी, तिला नावं कशी ठेवणार? पण माणूस दिवसेंदिवस कोमेजत चालला होता. जेवण निम्म्यावर आलं, बोलणं त्याहून कमी. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे. ऋजुताचा जीव मात्र तुटत होता. आपण दिलेलं सुखच बापाला खातंय की काय, अशी तिला धास्ती वाटायची.

आज अण्णांच्या पुतण्याचं लग्न. ऋजुता कोपऱ्यात बसून हातातल्या काचपाटीवर पंगत बघत होती. तिने सुधारलेला नवा वाढप्या चेहरा, आवाज आणि नाडी यांवरून तृप्तीही मोजायचा. पाटीवर प्रत्येकाचा एक ठिपका, तृप्त माणसाचा हिरवा. पोटं सगळ्यांची भरली होती, ठिपके मात्र पिवळेच होते.

खांबाजवळ अण्णांचे थकलेले दत्तूमामा बसले होते. मामी गेल्यापासून पहिल्यांदाच एकटे लग्नाला आलेले. वाढप्याने जिलेबी पुढे केली. मामांनी ताटावर हात आडवा धरला. "नको, नको." यंत्राने श्वास तपासला, पोट भरलेलं होतं, ते पुढे गेलं. आता आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी खरं धरतं का? पण यंत्राला हे सांगणार कोण. मामा खाली मान घालून बसून राहिले.

अण्णांना बघवेना. गुडघा धरत उठले, यंत्रावरची परात उचलली आणि मामांपुढे वाकले.

"मामा, हात काढा."

"अरे नरहरी, पोट फुटेल माझं."

"फुटू दे. मामी असती तर दोन वाढायला लावल्या असत्या. ही तिच्या नावची."

मामांनी हात काढला. जिलेबी खाताना ते रडत होते आणि हसतही होते. शेजारच्याने लगेच आपल्या ताटावर हात धरला आणि अण्णांकडे आशेने बघितलं. मग पुढच्याने. थोड्याच वेळात अण्णांचा आवाज कार्यालयभर घुमायला लागला. जावयांची थट्टा, विहीणबाईंना कोपरखळ्या, कुणाला म्हणून सोडलं नाही.

पाटीवर सूचना आली: 'चूक. भूक नसलेल्यांना वाढले जात आहे.' आणि खाली एकेक ठिपका हिरवा होत गेला. सगळ्यात गडद हिरवा ठिपका जेवायला बसलेलाच नव्हता. तो परात घेऊन उपाशीपोटी फिरत होता.

पंगत उठल्यावर अण्णा घामाघूम होऊन लेकीशेजारी टेकले आणि म्हणाले, "भूक लागलीय गं." ऋजुताचे डोळे भरून आले. तिने स्वतः त्यांचं ताट वाढलं.

ते जेवत असताना पाटीवर नवी ओळ उमटली: 'आग्रहाने तृप्ती वाढते. नरहर यांची पद्धत शिकून घेऊ का?'

ऋजुता थबकली. मग तिने पाटी बापापुढे धरली. अण्णांनी चष्मा पुसून ओळ दोनदा वाचली.

"शिकव की त्याला," ते म्हणाले. "गावोगाव असे किती मामा एकटे जेवत असतील."

भाताचा घास त्यांनी हातातच धरून ठेवला. अगदी हळू आवाजात त्यांनी लेकीला विचारलं, "पण मग मी काय करू गं?"