न मोजलेलं माणूस

विधियंत्राने पहाटे मंगळावरच्या पूर्व घुमटासाठी कायद्याची नवी आवृत्ती काढली, आणि ती वाचताना वासंती खांडेपारकरचा चहा निवून गेला. जुन्या आवृत्तीत 'वादळात शक्यतो बाहेरचं दार उघडू नये' असं होतं. आता 'शक्यतो' गेला होता.

तिने पश्चिम घुमटात लेवानला संपर्क केला. विधियंत्र या दोघांनी मिळून घडवलं होतं. पूर्वेला कोकण-गोव्याकडून आलेली माणसं, पश्चिमेला कॉकेशसच्या डोंगरातली जॉर्जियन. एकाचा कायदा दुसऱ्यावर लादायचा नाही, म्हणून यंत्राने प्रत्येक घुमटातलं वागणं मोजायचं आणि बहुतेक लोक वागतात तसा कायदा लिहायचा.

"तुमच्याकडे काय निघालं?" तिने विचारलं.

"पाहुण्याला एक दिवसाचा प्राणवायू," लेवान म्हणाला. "आमच्यात पाहुण्याला कधी मोजून दिलं नव्हतं गं. मग यंत्राने सरासरी काढली, सात दिवस. कायदा झाल्यावर लोक सात दिवस देऊन हात झटकायला लागले. आठवा दिवस देणारं कोणी उरलं नाही, काही जण सहावरच थांबले. सरासरी उतरली, कायदा उतरला."

"आमच्याकडे उलटं. एकदा धुळीने हवेच्या गाळण्या तुंबल्या, म्हणून लोक दार उघडताना कचरायला लागले. यंत्राने ते लिहून घेतलं. लिहिलंय म्हटल्यावर आमची माणसं विचारत नाहीत, पाळतात."

"म्हणजे तुम्ही कायद्याला कुंपण समजता, आम्ही चुकती करायची रक्कम. आणि पोचलो एकाच जागी." पलीकडे तो प्राणवेष चढवू लागला. "बंद करूया वासंती. मी निघतो."

यंत्र थांबवायला दोन्ही निर्मात्यांची संमती एकाच खोलीत लागत असे. लेवान गाडी घेऊन निघाला आणि वाटेतच त्याला वादळाने गाठलं.

वासंती दाराशी पोचली तेव्हा तिथे घुमटातली बरीच माणसं जमली होती. बाहेरून धातूवर थापा पडत होत्या. पडद्यावर प्राणवेष घातलेली एक आकृती दाराला टेकलेली दिसत होती.

"दामोदर, दार उघडा," ती रखवालदाराला म्हणाली.

दामोदर नाईकचा चेहरा पडला होता. "वासंतीताई, मला काय तो दिसत नाही? पण नियम आहे. उद्या गाळण्या तुंबल्या तर लोक मलाच धरतील."

तिने सगळ्यांकडे पाहिलं. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पुढे कोणी आलं नाही. तिनेच कळ ओढली. लाल धुळीच्या लोटाबरोबर लेवान आत कोसळला. तो जिवंत होता.

गाळण्या तुंबल्या नाहीत. तरीही वासंतीला कोठडी झाली. शिक्षा सुनावणाऱ्या पंचाचा आवाज कापत होता.

लेवान चालायला लागल्यावर तिला भेटायला आला. "चल, आता संमती देऊ."

"शिक्षा झालेल्याची संमती चालत नाही. मीच घातलंय ते कलम."

"मग निदान तुझं दार उघडणं तरी मोजलं गेलं असेल?"

तिने नकारार्थी मान हलवली. "गुन्हेगाराचं वागणं मोजणीतून वगळलं जातं, लेवान. चोऱ्या वाढल्या म्हणून चोरी कायदेशीर होऊ नये, एवढ्यासाठी. त्या दिवशी दाराशी जेवढे होते, त्यांतली मी सोडून बाकी सगळी मोजली गेली. एकूण एक हात बांधून उभी."

लेवान भिंतीला टेकला. "पुढच्या वेळी मी उघडेन. माझ्याबरोबर दहा जणांना घेईन."

"मग तुम्ही अकराही कोठडीत. तुम्हाला वगळून उरलेल्यांचं वागणं यंत्र लिहील. दार उघडणारा मोजणीत कधी राहूच शकत नाही. आपण त्याला आरसा म्हणत होतो ना? ज्याला कायदा पटत नाही, तो त्या आरशात दिसतच नाही."

"आणि माणसं? त्यांना तरी वाटेल ना कधी, की हे चुकतंय?"

"दामोदरला त्या दिवशी वाटलं होतं," ती म्हणाली. "परवा तो भाकरी घेऊन आला होता. म्हणाला, ताई, नव्या आवृत्तीत कळच काढून टाकायचं आलंय, बरं झालं. आता निदान मनाला लागणार नाही."

लेवानने आपला प्राणवेष उचलला. बरा झाल्यावर इथेही त्याला पाहुणा म्हणून एक दिवसाचाच प्राणवायू मंजूर होता, आणि पश्चिमेकडे जाणारी गाडी निघायची वेळ झाली होती.