चोरीला गेलेली ताकद

"माझी ताकद कोणीतरी चोरतंय," खुर्चीत बसायच्या आधीच बाई म्हणाल्या.

वय सत्तरीच्या पुढचं. लिफ्ट बंद होती, तरी चार जिने चढून आल्या होत्या, हातात भरलेली पिशवी. त्यांना खालून घेऊन आलेला ऑफिसातला मदतनीस दाराला टेकून धापा टाकत होता. त्याच्या अंगलटीवरून सगळे त्याला तक्क्या म्हणत. आणि टेबलामागच्या गुप्तहेर बाईंना टाचणी. बारीक अंगाच्या, आणि टोचायच्या.

"मागच्या वर्षी पडले, मांडीचं हाड मोडलं," बाई सांगू लागल्या. "तेव्हापासून धाकट्या बहिणीकडे राहते. डॉक्टरांना विचारून व्यायाम धरला, जोडीला क्रिएटिनची भुकटी घेते. म्हातारपणी झिजणाऱ्या स्नायूंना तेवढाच हातभार. छान चाललं होतं हो! आता पायात बांधायच्या वाळूच्या पिशव्याच उचलेनाशा झाल्यात. एक किलोच्या, त्याच जुन्या. तपासण्यांत काही निघत नाही. त्या भुकटीत कोणीतरी काहीतरी कालवतंय."

"आजच यायची घाई कसली आहे?" टाचणीनं विचारलं.

"आज संध्याकाळी घर विकायच्या कागदांवर सही करायचीय. माझं स्वतःचं घर. एकटीनं राहायचं बळच नसेल, तर कशाला ठेवू?"

धाकटीच्या घरी दार भाच्यानं उघडलं. शर्टाचं तुटलेलं बटण, जागेवर सेफ्टी पिन.

"भुकटी तूच आणतोस?" टाचणीनं विचारलं.

"आणतो. आणि मावशीचं घर विकलं तर माझं दुकान उभं राहील, हेही खरं. लिहून घ्या!"

टाचणीनं चमचाभर भुकटी गार पाण्यात ढवळली, चाखली. बेचव. तळाशी रवाळ गाळ.

"पहिल्यापासून असंच लागतं?"

"अगदी असंच," बाई म्हणाल्या.

टाचणीची नजर खिडकीकडे गेली. "पडदे किती सरळ पडलेत."

"आईचा धंदाच तो," भाचा म्हणाला. "खालच्या दुमडीत शिशाचे तुकडे शिवते. वादळात हलायचे नाहीत."

धाकटी आतल्या खोलीत शिवणयंत्रापाशी होती. पंखा चालू होता, खिडकीचा पडदा सारखा तिच्या तोंडावर येत होता. ती तो हातानं सारायची, तो पुन्हा यायचा.

"ताईला मी तळहातावर ठेवलंय," मान वर न करता ती म्हणाली. "आता म्हातारपण येणारच ना? मान्य करावं माणसानं."

व्यायाम शिकवणारी मुलगी फोनवरूनच शिकवायची. तीही बुचकळ्यात पडली होती. "आज्जी खुर्चीतून हात न टेकता उठतात आता. आधी टेकायच्या. पण पायातलं वजन काही केल्या वर जात नाही. मी तर वाढवायला सांगितलंच नाही."

"भाचाच!" तक्क्या कुजबुजला. "भुकटी त्याची, फायदा त्याचा."

"तुझी धाप बसली का रे?" टाचणी म्हणाली. "बसली असेल तर सगळ्यांना बोलाव."

सगळे जमले. सहीचे कागद टेबलावर, शेजारी पेन.

"तक्क्या दमला ते जिने या बाई सामान घेऊन चढल्या. हात न टेकता उठतात. म्हणजे ताकद गेलेली नाही, वाढलीय. भुकटी पहिल्यासारखीच आहे. मग बदललं काय?"

तिनं वाळूची एक पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काटा एक किलो ओलांडून दोनच्या जवळ थांबला.

"पिशवी फुगलेली नाही, म्हणजे थोडी वाळू काढून तिच्या जागी जड काहीतरी घातलंय. आणि ही शिवण बघा, मुंगीच्या पावलांएवढे टाके. ज्याला स्वतःचं बटण लावता येत नाही, त्याचं हे काम नव्हे."

कात्रीनं टाके उसवले. वाळूबरोबर शिशाचे तुकडे टेबलावर घरंगळले.

"घरातले सगळे पडदे सरळ पडतात," टाचणी हळूच म्हणाली. "शिवणारीच्या खोलीतलाच तेवढा उडतो. त्याची दुमड रिकामी आहे."

भाच्यानं आईकडे पाहिलं. "आई?"

धाकटीनं पदर तोंडाशी धरला. "थोडं थोडं घालत गेले. तू बरी झालीस की जाणार होतीस, ताई. हा दिवसभर बाहेर. तू गेलीस की या घरात भांडं पडलं तरी 'काय पडलं गं' म्हणणारं कोणी नाही."

"अगं, मी रात्र रात्र जागले. वाटलं, संपत आले मी."

"मारायचं नव्हतं गं तुला. नुसतं ठेवायचं होतं."

थोरलीनं कागद उचलले, आडवे फाडले, मग उभे.

"उद्या मी माझ्या घरी जाते," ती म्हणाली. "आणि तू महिनाभर फिरकू नकोस. मला आधी मनासारखं रागवू दे."

धाकटीनं डोळे पुसले. "आणि मग?"

"मग ये. बेल वाजवत बसू नकोस. किल्ली करून देते तुला."