मास्तरांची चारशे बारा गाणी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसभावाच्या घरी घडली आणि ती मी त्याच्याच तोंडून ऐकली. रविवार. दुपारचे साडेतीन. मधल्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल.

शेवट आधीच सांगून टाकतो. त्या दुपारी त्याचे वडील लॅपटॉपमध्ये गेले.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण असं काही झालेलंच नाही. घरातल्या तिघांचं यावर एकमत आहे. त्यांतला एक जण बोलत नाही, एवढंच.

तर, मावसभावाला सगळे फटाफट म्हणतात. कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या एका ऑफिसात तो कामाला आहे. दिवसभर या फोल्डरमधल्या फाइली उचलायच्या आणि त्या फोल्डरमध्ये टाकायच्या. तिथला नियम एकच. कॉपी करायचं नाही, कट करायचं. संध्याकाळी पहिलं फोल्डर रिकामं दिसलं की काम झालं. एक जरी फाइल मागे राहिली, तर साहेब सगळ्यांदेखत सालटी काढतात. नऊ वर्षांत फटाफटची बोटं कॉपी करायचं पार विसरून गेली होती.

वडील म्हणजे मास्तर. शाळेत गाणं शिकवून रिटायर झालेले. वय एकाहत्तर. स्वतः म्हटलेली चारशे बारा गाणी त्यांनी मोबाइलमध्ये साठवली होती, आणि मोबाइल आता दर दहा मिनिटांनी गुडघे टेकत होता.

"बंद पडायच्या आत काढून घे रे," मास्तर म्हणाले. "सगळं आयुष्य आहे त्यात माझं."

"बाबा, दोन जीबीचं आहे तुमचं आयुष्य. दहा मिनिटांत होतं."

"जपून हां. एकही जाता कामा नये."

"जाऊ देत की," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "चाळीस वर्षं झाली, या घरात मला कुकरची शिट्टी धड ऐकू आलेली नाही."

"बेसूर आहे तुझी शिट्टी," मास्तर म्हणाले, आणि गुणगुणत तिच्याशेजारी मटार सोलायला बसले.

फटाफटने मोबाइल वायरने लॅपटॉपला जोडला. सगळं निवडलं. कट. पेस्ट.

हिरवी पट्टी सरकायला लागली.

आणि आतलं गुणगुणणं… मध्येच थांबलं.

"काय गं, पुढची ओळ काय होती?"

"मला काय विचारता? मी कधी ऐकलीय?"

मास्तरांनी दुसरं गाणं धरलं. ते दोन शब्दांत संपलं. तिसरं सुरूच झालं नाही.

"सुटले बाई," आई म्हणाली.

फटाफट खुदकन हसला.

चारशे बारा गाणी संपली. पट्टी मात्र… सरकतच होती.

आता वेगळीच नावं येत होती. 'खोकला, सकाळचा.' 'जांभई.' 'चपला, मधल्या खोलीतल्या.' 'शिंक, मोठी.'

म्हाताऱ्याला काहीही रेकॉर्ड करायची हौस, असं म्हणत फटाफटने शिंक लावून बघितली. शिंक अस्सल होती. स्पीकर थरथरला.

तेवढ्यात मटाराचं भांडं घेऊन मास्तर आले. टेबलापर्यंत आले, तरी फटाफटला कळलं नाही.

त्यांच्या चपला वाजल्याच नव्हत्या.

मास्तरांनी डोळे मिटले, तोंड उघडलं, सगळं अंग हललं. शिंक आली.

आवाज… आलाच नाही.

"बाबा, म्यूटवर आहात का?" फटाफट म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसला.

ही गोष्ट सांगताना तो इथे प्रत्येक वेळी थांबतो. पाणी पितो. मग पुढे सांगतो.

मास्तरांचे ओठ हलले. त्याला हाक मारत असावेत. त्याच क्षणी पडद्यावरून नाव सरकलं… 'हाक, मुलाला मारायची.'

मग शेवटची फाइल आली.

'श्वास. लांबी : सहा लाख बावीस हजार तास.'

मास्तरांनी टेबलाची कड धरली. भांडं खाली पडलं. मटार घरभर घरंगळले.

फटाफटने 'रद्द करा' दाबलं. एक चौकट उघडली. अर्धवट गेलेली फाइल कायमची नष्ट होईल. नक्की?

पट्टी एकसष्टवर होती. हो म्हटलं तर एकसष्ट टक्के बाप नष्ट. नाही म्हटलं तर सगळाच्या सगळा बाप आत. मास्तर मान हलवत होते. हो म्हणून की नको म्हणून, ते काही कळेना.

जन्मात कधी दोन सेकंद विचार न केलेल्या माणसाने त्या दिवशी विचार केला. तेवढ्यात काम पूर्ण झालं.

मोबाइलमधलं फोल्डर रिकामं होतं. ते बघून फटाफटला क्षणभर बरं वाटलं.

सवय.

मग त्याने सगळं परत मोबाइलमध्ये टाकायला घेतलं. 'पुरेशी जागा नाही.' त्याने फोटो पुसले, मेसेज पुसले, घड्याळसुद्धा काढून टाकलं. मोबाइल कोरा करकरीत. तरी तेच. 'पुरेशी जागा नाही.'

डॉक्टर आले. मास्तरांच्या छातीला नळी लावली. छाती गप्प. मग त्यांनी नळी लॅपटॉपला लावली, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "फुप्फुसं छान आहेत." त्यानंतर ते फोन उचलत नाहीत.

आता मास्तर खुर्चीत बसलेले असतात. डोळे हलतात. श्वास मात्र टेबलावरून येतो… आत… बाहेर…

परवा फटाफटची आई माझ्या आईशी फोनवर बोलत होती. नीट ऐकू येईना म्हणून तिने लॅपटॉपचा आवाज दोनवर आणला आणि पाठ फिरवून गप्पा मारल्या. चार मिनिटं. मास्तर निळे पडले. टाळ्या वाजवत होते. टाळ्याही मुक्याच.

फटाफटने धावत येऊन आवाज वाढवला. आई वळली.

"अहो, मग हाक मारायची ना!"

लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे. वायर काढली की तो बंद पडतो. आणि काल गल्लीच्या तोंडाशी नोटीस लागली. दुरुस्तीसाठी गुरुवारी दहा ते बारा वीज बंद.

फटाफट अर्ज घेऊन गेला. खिडकीवरच्या बाईंनी तो वाचला, त्याच्याकडे बघितलं आणि पोच म्हणून शिक्का मारून दिला. तो अर्ज असा :

"मा. उपअभियंता, वीजपुरवठा कार्यालय. विषय : पुरवठा खंडित न करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, आमच्या मीटरचा पुरवठा येत्या गुरुवारी व त्यानंतर कधीही, कोणत्याही कारणास्तव, एक सेकंदसुद्धा बंद करू नये. घरात एक इसम चालू अवस्थेत आहे. मुदत : कायम. तरी सहकार्य व्हावे, ही विनंती."